टीचर थाप देत नाहीत

मास्तरीणबाईंचा गळा आवळला तरी त्यांना कळत नाही, हे आखाड्यात सगळ्यांना एकाच संध्याकाळी कळलं. बाईंना तेवढं सगळ्यांच्या शेवटी.

झालं असं, की बाई खाली होत्या आणि पैलवानीण वर. पैलवानिणीने बाईंच्या जाड सुती डगल्याची कॉलर दोन्ही बाजूंनी मुठीत धरली आणि मनगटं एकमेकांवरून फिरवली. अशी कात्री बसली की खालच्याने वरच्याच्या पाठीवर नाहीतर गादीवर दोन थापा द्यायच्या, आणि वरच्याने तिथल्या तिथे सोडायचं. ज्युदो काय नि ज्युजित्सू काय, सगळा डोलारा त्या दोन थापांवर उभा. पैलवानीण थापेची वाट बघत राहिली. बाईंचे डोळे उघडे होते, चेहरा बँकेच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. पैलवानिणीला वाटलं, कात्री नीट बसलीच नाही. तिने आणखी जरा पिळलं. बाईंच्या टाचा गादीवर तडतडल्या आणि मग सगळंच थांबलं.

शुद्धीवर आल्या तेव्हा आखाड्याच्या मास्तरांनी त्यांचे पाय उचलून धरले होते आणि पैलवानीण तोंडावर हात ठेवून उभी होती. बाईंनी भोवतीच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "खाली बसा सगळे. हजेरी घेते."

कुणाला अक्षर कळलं नाही. कारण त्या अख्ख्या गावात इंग्रजी येणाऱ्या बहुधा त्या एकट्याच होत्या.

बाई मूळच्या शाळेतल्या. इंग्रजी शिकवायच्या. "इंग्रजी म्हणजे सगळ्या कुलपांची एकच किल्ली," असं त्यांनी पोरांच्या कितीतरी पिढ्यांना सांगितलं होतं. भावाकडे परदेशी आल्या नि पाहिलं, तर इथली कुलपंच वेगळ्या कारखान्यातली. दुकानदार, बसवाला, खालच्या मजल्यावरची म्हातारी, कुणाला इंग्रजीचा गंध नव्हता. भावाने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "ताई, इथे इंग्रजी बोललीस की समोरचा त्याच्या भाषेत जोरात बोलतो. तेवढाच काय तो उपयोग."

भावाकडे येण्याचं कारण यजमान. त्यांचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. राहिला होता डावा हात. त्या हाताच्या बोटात अंगठी होती आणि पलंग लोखंडी. काही हवं असलं की ते पलंगाच्या कडेवर अंगठी वाजवायचे, टक टक. बाई भांडी घासत असोत, पेपर तपासत असोत, नहाणीत असोत, "आले, आले," म्हणत जायच्या. वर्षानुवर्षं. एकदाही असं झालं नाही, की टकटक झाली आणि त्या गेल्या नाहीत. मग एक दिवस वाजायचं थांबलं. बाई रडल्या नाहीत. शेजारणी म्हणाल्या, आत साचलंय, फुटेल कधीतरी. फुटलं नाही. साचलं तरी होतं का, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. भाऊ आला, त्याने घराला कुलूप लावलं आणि बॅगेबरोबर बहिणीलाही उचलून आणलं. त्या आल्या. नको म्हणायला काहीतरी हवं असावं लागतं.

इथे भाऊ गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. भावजय घरीच बसून लोकांच्या कपड्यांची आल्टरेशनं करायची, त्यामुळे घरभर दोऱ्यांचे तुकडे आणि दिवसभर मशीनची घरघर. बाईंना काम मिळालं हॉटेलच्या लाँड्रीत. तळघरातली लांबट खोली, भिंतीला पाइप, वाफेने कायम ओलसर. रोलरमधून गरम चादर बाहेर पडायची. तिची दोन टोकं बाईंनी धरायची, दोन समोरच्या बाईने. मागे सरायचं, एक झटका द्यायचा, चादर फट्कन ताणली गेली की एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकं हवाली करायची. पुन्हा मागे. पुन्हा झटका. दिवसभर.

चादरीच्या पलीकडच्या टोकाला होती ती पैलवानीण. नाव बाईंनीच ठेवलेलं. खांदे दाराच्या चौकटीएवढे, हसली की वरच्या फळीवरचे टॉवेल हलायचे. दोघींना एकमेकींची भाषा ठार कळत नव्हती, पण चादर बोलायची. जरा सैल धरलं की पलीकडून हिसका यायचा, की बाई, कुठे आहेस? एकदा पैलवानिणीने मुद्दाम जोरात ओढलं. बाईंनी काही न ठरवता पाय रोवला आणि उलट ओढलं. पैलवानीण दोन पावलं पुढे येऊन ट्रॉलीवर आदळली. उठून तिने बाईंची मनगटं उलटीसुलटी करून पाहिली, बाजारात फळ पारखावं तशी. काम सुटल्यावर हात धरून म्हणाली, "चल."

बाई गेल्या. कुठे, ते विचारलंही नाही.

टायरच्या दुकानाला लागून जिना होता, वर आखाडा. रबराचा वास, हिरव्या गाद्या, भिंतीला एक लांब बाक. मास्तर साठीचे, बुटके. आयुष्यभर कान घासून घासून दोन्ही कानांचे बोळे झालेले, मुठीत चुरगळून फेकलेल्या कागदासारखे. बाईंनी मनातल्या मनात त्यांना मुडपेमास्तर म्हणायला सुरुवात केली. आखाड्यातल्यांनी बाईंचं नाव पाडलं टीचर. इंग्रजीतला तेवढा एक शब्द सगळ्यांना येत होता.

आधी पडायला शिकवतात. मागे, बाजूला, पुढे. बाईंना दोन दिवसांत जमलं. मास्तरांना नवल वाटलं, या वयाचं माणूस पडताना जीव मुठीत धरतं. बाई पडायच्या जशी गोणी पडते. मग उभ्याने पाडायचं, तो ज्युदो. आणि खाली गेल्यावर धरायचं, पिळायचं, आवळायचं, ते ज्युजित्सू. मंगळवारी उभं, शुक्रवारी आडवं. बाईंच्या मुठीत चादरींची ताकद होती आणि ओढायचं कधी, हे त्यांच्या हातांना डोक्याच्या आधी कळायचं.

इथली भाषाही त्या गादीवरच शिकल्या, म्हणजे गादीवर मिळाली तेवढी. ओढ. सोड. कोपर. मान. कंबर आत. पुन्हा. बसमध्ये एकदा एक गृहस्थ दार अडवून उभा होता. बाजूला व्हा कसं म्हणतात, ते बाईंना येईना. त्या मास्तरांच्याच आवाजात म्हणाल्या, "कंबर आत घे!" गृहस्थाने घेतली. घरी सांगितल्यावर भाऊ हसून हसून सोफ्यावरून खाली आला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. विनोद आहे हे कळलं त्यांना, पण दुसऱ्याच्या घरी वाजणाऱ्या रेडिओसारखं.

डगल्याचीही तऱ्हाच झाली. आखाड्यातून मिळालेल्या डगल्याच्या बाह्या बोटांवर यायच्या. भावजयीने न विचारता त्या कापून, दुमडून, छान टीप मारून कोपराखाली आणून ठेवल्या. "बघा, कसा फिटिंगला बसला!" मास्तरांनी तो बघून कपाळावर हात मारला. बाही मनगटापर्यंत हवी, समोरच्याला धरायला काहीतरी नको का? भावजय रात्रीचं जेवण होईपर्यंत फुगून बसली. "धरायला म्हणून कपडे शिवतात, हे मी पहिल्यांदा ऐकतेय." मग तिनेच कापलेले तुकडे परत जोडून दिले. बाईंच्या बाह्यांना तेव्हापासून एक जाड शिवण होती.

आणखी एक गोष्ट मास्तरांच्या लक्षात आली होती. बाई वर असल्या आणि खालच्याने थाप दिली, की बाई विजेचा धक्का बसल्यासारखं सोडायच्या. थाप पुरी व्हायच्याही आधी. दुसऱ्या कुणाची जोडी शेजारी चालू असली आणि तिकडे थाप वाजली, तरी बाईंचे हात सुटायचे. त्यावरून सगळे हसायचे. पण बाईंनी स्वतः कधी थाप दिलेली कुणाच्या आठवणीत नव्हती. आजवर कुणी त्यांना एवढं घट्ट धरलं नव्हतं म्हणून खपून गेलं.

त्या संध्याकाळपर्यंत.

बाई उठून बसल्यावर मास्तरांनी त्यांना ओरडण्याऐवजी पैलवानिणीकडे बोट केलं. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडत होती, एवढी मोठी बाई. मास्तर सावकाश बोलले, बाईंना येत होते त्यातलेच शब्द वापरून. "तू मेली असतीस तर तू मेली असतीस. ती काय करणार? रोज? सकाळी उठून?" मग बाकाकडे हात केला. "तिथे बस. थाप शीक. शिकलीस, ये. नाही, तर डगला परत."

एवढं सगळं बाईंना कळलं. नुसतं शब्दाशब्दाने.

घरी भावजयीने त्यांची मान दिव्याखाली धरली. कॉलरने दोन्हीकडची कातडी सोलवटली होती. तिने कापसावर स्पिरिट घेतलं. "झोंबेल हं, वन्सं." पुसून झालं. "झोंबतंय?"

"नाही गं."

"थोडंसुद्धा?"

"लावलंस होय?"

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "ताई, गळा दाबला तर माणूस ओरडतं, चावतं, काहीतरी करतं. तू काय करत होतीस?"

बाईंनी आठवून पाहिलं. "मला वाटलं, अजून वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या मुकादमिणीला मानेवरचे वळ दिसले. तिने बाईंना काही विचारलं नाही. संध्याकाळी भाऊ घ्यायला आला तेव्हा तिने दारातच त्याला गाठलं आणि दहा माणसांदेखत झापलं.

"बहिणीला मारतोस म्हणाली मला," तो जेवताना एकदम म्हणाला. "सख्ख्या बहिणीला! पोलिसांत जाईन म्हणाली. मी सांगतोय, अहो, ती हौसेने मार खाते, पैसे भरून खाते. तर म्हणते, सगळे नवरे, सगळे भाऊ असंच सांगतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?" भावजय.

"काय म्हणणार? पुन्हा नाही मारणार म्हणालो. तेव्हा सोडलं."

भावजय ताटावर वाकून हसायला लागली. भाऊ म्हणाला, "हसा तुम्ही. ताई, बास झालं ते. नाहीतरी बाकावरच बसवलंय ना? करायचंय काय तिथे जाऊन?"

"जाते," बाई म्हणाल्या.

त्या गेल्या. मंगळवारी गेल्या, शुक्रवारी गेल्या, पुढच्याही. डगला घालून, पट्टा बांधून बाकावर बसायच्या. वाईट वाटत होतं का? त्यांनी आत चाचपून पाहिलं, अंधारात फडताळात हात घालावा तसं. हाताला काही लागलं नाही. फक्त एक कळलं, की मंगळवार आणि शुक्रवार सोडले तर बाकीचे दिवस कुठे जातात, ते त्यांना माहीत नव्हतं. गादीवर कुणीतरी कॉलर धरायचं, कुणाचा तरी घाम आपल्या कपाळावर पडायचा, तेवढा वेळ आपण इथे आहोत असं म्हणता येत होतं. डगला परत केला, की तेही गेलं.

आणि लाँड्रीत चादर बोलेनाशी झाली. पैलवानीण टोकं धरायची, पण ओढायची नाही. बाई आता काचेची वस्तू झाली होती तिच्यासाठी. झटका नाही, ताण नाही. चादरी वेड्यावाकड्या घडीच्या निघायला लागल्या, वरून परत यायला लागल्या. मुकादमीण दोघींवर करवादायची. पैलवानीण मान खाली घालून चादर पुन्हा उलगडायची, सैलच धरायची.

एका मंगळवारी मास्तरांनी बाईंना गादीवर बोलावलं. त्यांना खाली बसवून, स्वतः कॉलर धरायला हात पुढे केला. हात कॉलरला लागतो न लागतो, तोच बाईंनी त्यांच्या खांद्यावर थाप दिली. दोन थापा, व्यवस्थित.

मास्तर थांबले. "का?"

"तुम्हीच सांगितलंत," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

ते त्यांना न कळताही कळलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा हात पुढे केला. पुन्हा तेच. बाईंचा हात आधीच वर. शाळेत पहिल्या बाकावरची काही पोरं असायची, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायची, आणि विचारलं की उभी राहून छताकडे बघायची. बाईंना ती पोरं आठवली. अशा पोरांना त्या काय म्हणायच्या, तेही आठवलं. खाली बस.

मास्तर उठले. "शुक्रवारी. ती धरेल," पैलवानिणीकडे बोट. "शेवटचं."

पैलवानीण दोन्ही हात हलवत मागे सरकली. नाही म्हणजे नाही.

बुधवार गेला. गुरुवारी दुपारी रोलरमधून मोठी डबल चादर आली. पैलवानिणीने नेहमीसारखी हलकेच टोकं धरली, जशी पाहुण्याच्या हातातली पिशवी घेतात. बाईंनी पाय रोवला आणि सगळ्या अंगाने ओढलं. पैलवानीण सरळ ट्रॉलीत. ट्रॉली भिंतीवर. टॉवेलांचा ढीग तिच्या डोक्यावर.

ती उठली ती भडकूनच. तिच्या भाषेत तोंडाचा पट्टा सुरू. बाईंनी इतक्या वर्षांची किल्ली बाजूला ठेवली आणि त्याही मराठीतच सुरू झाल्या.

"ओढ ना! हात मोडलेत का तुझे? एवढी म्हैस, आणि चादर धरतेस काय अशी, कुणी बघायला आल्यासारखी?"

पैलवानिणीने बाईंच्या गळ्याकडे बोट करून काहीतरी म्हटलं.

"माझा गळा माझा मी बघेन. तू तुझं टोक धर!"

ती पुन्हा काहीतरी म्हणाली, लांबलचक, आणि शेवटी बाईंच्या छातीवर बोट टोचलं. त्यात "थाप" होतं आणि "दे" होतं, तेवढं बाईंना कळलं.

"देईन," बाई तिच्या भाषेत म्हणाल्या. खरं देईन की नाही, ते त्यांना माहीत नव्हतं.

मुकादमीण दारात येऊन उभी होती. दोघींनी खाली पडलेली चादर उचलली. मागे सरल्या. पैलवानिणीने असा हिसका दिला, की बाईंचे खांदे सांध्यातून हलले. फट्. तळघरात तो आवाज बऱ्याच दिवसांनी आला.

शुक्रवारी बाकीच्या जोड्या आपापलं करत होत्या. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून दोघींच्या शेजारीच बसले. पैलवानीण वर आली, तिचं वजन बाईंच्या बरगड्यांवर बसलं. तिने कॉलर धरली. उजवी मूठ, मग डावी. मास्तरांनी बोट उचललं, सावकाश, असं. मनगटं फिरायला लागली.

बाईंनी लक्ष द्यायचं ठरवलं होतं. काय होतंय ते बघायचं, धड्यासारखं. कापड मानेला लागलं. खरखरीत. बाहीवरची भावजयीची जाड शिवण कोपराखाली टोचत होती. मग कापड नुसतं लागत नव्हतं, दाबत होतं. आता? अजून वेळ आहे. पैलवानिणीचा श्वास गालावर. वरची ट्यूबलाइट जरा लांब गेली. आता द्यायची का? कशासाठी द्यायची, ते बाईंना सापडेना. त्या शोधत राहिल्या. कानात पाण्यासारखा आवाज भरला, आणि त्या आवाजातून कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं.

टक. टक.

टक टक टक.

"आले," बाई म्हणाल्या. गळ्यातून आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. "आले, आले." आणि कोण बोलावतंय ते बघायला त्यांनी डोळे फिरवले. बाजूची जोडी उभी होती. मास्तर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पैलवानिणीच्या रुंद पाठीवर एक हात आपटत होता, नखं कापलेला, चादरींनी सोलवटलेला, बायकी. तो हात बाईंचा होता.

पैलवानीण सोडून बाजूला बसली तरी हात अजून हवेतच थापा देत होता. मास्तरांनी तो धरून खाली ठेवला.

बाईंना खोकला आला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण ते खोकल्याचंच. पैलवानिणीने त्यांच्या पाठीवर एवढ्या जोराने थोपटलं, की तो एक वेगळाच मार झाला. मास्तरांनी त्यांची कॉलर सरळ केली. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत.

"पुन्हा," म्हणाले.

पुन्हा झालं. दुसऱ्या वेळी हात लवकर आला. तिसऱ्या वेळी जरा उशिरा, पण आला. मग मास्तर उठून दुसऱ्या जोडीकडे गेले. बाकाकडे कुणी बोट केलं नाही. बाईंनी पट्टा सुटला होता तो बांधला आणि पुढच्या जोडीदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

घरी आल्या तेव्हा भाऊ टीव्हीसमोर होता आणि भावजय कुणाच्या तरी पँटीला खालून दुमड घालत होती. "काय वन्सं, डगला आणलात की दिलात परत?" तिने वर न बघता विचारलं. बाईंनी डगला खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि न्हाणीघरात गेल्या. पाण्याचा आवाज आला. साबणाची डबी पडल्याचा आवाज आला. मग एकदम बाईंचा, चांगला मोठा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"आई गं! केवढं झोंबतंय!"

मशीन थांबलं.

भाऊ अर्धा उठला. "काय झालं? पडली का काय?"

"काही नाही," भावजय म्हणाली. ती दाराकडे बघत राहिली होती. "वन्संना झोंबतंय."

आणि तिने पुन्हा मशीनवर पाय ठेवला.